काचेवर ठसा उमटत नाही

खोका उघडण्याआधी काच घडवणारे उस्ताद त्याचा आवाज ऐकतात. जमिनीवर ठेवलेला खोका एका बाजूने इंचभर कलवायचा आणि कान लावायचा. आतला पेंढा नुसता सरकला तर बरं. बारीकसं ‘किण्’ झालं, की त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, काही न विचारता वहीत एक उभी रेघ ओढतात. फिरोजाबादहून टेम्पोने निघालेले सतरा खोके सूरजकुंडच्या मेळ्याला पोचले तेव्हा नुकतं उजाडत होतं. फेब्रुवारीची थंडी होती. सतरापैकी पाच खोक्यांतून ‘किण्’ ऐकू आलं.

मग एकेक नग बाहेर येऊ लागला. आधी भाताचा पेंढा, त्याच्या आत हिंदी वर्तमानपत्राचा चुरगळलेला तुकडा आणि त्याच्या आत काच. हंस, घोडे, मोर, द्राक्षांचे घड लोंबणारे दिवे, ख्रिसमसच्या झाडाला टांगायचे गोळे, अंगठ्याच्या पेराएवढे गणपती. मोड होते तीही ठरलेल्या जागी. हंसाची मान, घोड्याचा मागचा पाय, गणपतीची सोंड. जिथे काच सगळ्यात बारीक ओढलेली असते आणि जिथे कारागिराचं कसब सगळ्यात जास्त लागलेलं असतं, तीच जागा प्रवासात आधी जाते.

माझ्या आजीने ‘बांगडी फुटली’ असं कधी म्हटलं नाही. बांगडी वाढली. घरात फुटण्याचा शब्द काढायचा नाही, म्हणून तिने आम्हा नातींना हाच शब्द लावून दिला होता. मी भाभींना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात मान गेलेला एक निळा हंस होता. त्या म्हणाल्या, आमच्याकडे म्हणतात, चूड़ी ठंडी हो गयी. बांगडी थंड झाली. हा शब्दप्रयोग मला फार लागला. काच घडते तापून आणि मोडते निवताना, हे काचेजवळ जन्म काढणाऱ्या गावाने आपल्या बोलीत कधीचं नोंदवून ठेवलेलं होतं.

सूरजकुंडचा मेळा 1987 साली सुरू झाला. दिल्लीच्या दक्षिणेला लागून असलेल्या फरिदाबादेत, दहाव्या शतकातल्या एका जुन्या कुंडाजवळ, दर फेब्रुवारीत तो भरतो. 2013 पासून तो आंतरराष्ट्रीय म्हणवला जातो आणि दरवर्षी एखाद्या राज्याला तिथे पाहुणेपणाचा मान मिळतो. 2019 साली तो मान महाराष्ट्राला होता, म्हणून मी पहिल्यांदा तिथे गेले. पैठणीवर लिहायचं ठरवून गेले होते. तिसऱ्या दिवशी पाय दुखले म्हणून एका वळणावरच्या गाळ्यासमोर टेकले आणि समोर एक माणूस निळ्या ज्योतीत काचेची कांडी फिरवताना दिसला. पैठणीचा लेख मी लिहिला. पण त्या वळणावर पुन्हापुन्हा जात राहिले.

*

हाताने केलेल्या काचेच्या वस्तूंचा गाळा लावणं म्हणजे काय, हे मला उस्तादांनी नाही, भाभींनी शिकवलं. घडवणं उस्तादांचं, विकणं भाभींचं, अशी त्या घरातली वाटणी आहे.

सगळ्यात आधी ऊन बघायचं. गाळ्यात ऊन कुठून येतं आणि दुपारी तीनला कुठे असतं, हे बघून मांडणी ठरते. रंगीत काच पाठीमागून उजेड आला तरच बोलते. समोरून प्रकाश पडला तर तिच्यावर नुसता तकाकीचा डाग दिसतो, रंग दिसत नाही. म्हणून मागच्या बाजूचं कापड भाभी सोडतात आणि तिथे पातळ पांढरी ओढणी लावतात. रंगहीन काच मात्र काळ्या मखमलीवर, कारण पांढऱ्यावर ती हरवते. वाऱ्याच्या बाजूला हलकी झुंबरं लावायची नाहीत. गुडघ्याच्या उंचीला गोट्या आणि जाड मणी, कारण तिथे पोरांचे हात पोचतात. पाठीवरची पिशवी घेऊन वळणारं गिऱ्हाईक कोपरापासून खांद्यापर्यंतच्या उंचीतलं पाडतं, म्हणून त्या पट्ट्यात काहीच ठेवायचं नाही. हे सगळं त्या एका दमात सांगतात. यातली प्रत्येक गोष्ट काहीतरी मोडून शिकलेली आहे.

भवानी झाल्याशिवाय भाव कमी करायचा नाही, हा दुसरा नियम. पहिल्या विक्रीचा पैसा कपाळाला लावायचा, हे आपल्याकडे आहे तसंच तिथेही.

आणि मग प्रश्न सुरू होतात. मी दोन दिवस गाळ्याच्या आतल्या बाजूला बसून ते वहीत उतरवले. मशीनचं आहे का? चीनचा माल आहे का? साचा आहे ना याला? एवढाच घोडा ऑनलाइन निम्म्याला मिळतो. टिकेल का? विमानात नेता येईल का? शेवटचे दोन प्रश्न घेणाऱ्याचे असतात, पहिले तीन न घेणाऱ्याचे. पण मला त्या पहिल्या तिनांनीच अडवलं, कारण प्रश्न विचारणारी माणसं दुष्ट नव्हती. याच माणसांनी चार गाळे सोडून एका कुंभाराकडून सुरई घेतली होती आणि तिच्याबद्दल मशीनचं आहे का असं विचारलं नव्हतं.

सुरईवर कुंभाराच्या बोटांच्या रेघा असतात. हातमागाच्या कापडाला काठापाशी किंचित ओढ असते. लाकडावर पटाशीचा घाव दिसतो, धातूच्या ओतीव डोक्रा मूर्तीवर मेणाच्या धाग्याची वळणं जशीच्या तशी उतरलेली असतात. हात कुठे फिरला ते वस्तूच सांगते. काच काही सांगत नाही. घडताना ती इतकी तापलेली असते की हात तिला लागूच शकत नाही, आणि निवली की ज्योतीने तिचा पृष्ठभाग असा गुळगुळीत करून ठेवलेला असतो की कुठे चिमटा लागला, कुठे ओढ दिली, याची खूणही उरत नाही. काचेवर कारागिराचा ठसा उमटत नाही. कारागीर जितका चांगला तितका त्याचा हात अदृश्य होतो आणि त्याची वस्तू तितकी कारखान्यातली वाटायला लागते. हा या कलेवरचा खरा अन्याय आहे, आणि गाळ्यावर बसल्याशिवाय तो कळत नाही.

यावर उस्तादांकडे एकच उत्तर आहे. ते ज्योत पेटवतात.

*

गॅसचं सिलिंडर, हवेचा छोटा पंप, लाकडी पाटावर घट्ट बसवलेला पितळी बर्नर. आधी पिवळी, झुलणारी ज्योत येते. हवा वाढवली की ती निळी होते, आखडते आणि फुत्कारायला लागते. त्या आवाजानेच दहा माणसं थांबतात.

उस्ताद डोळ्यांवर गुलाबी-जांभळट काचांचा चष्मा चढवतात. काचेत सोडा असतो आणि ज्योतीत गेल्यावर त्यातलं सोडियम भगभगीत पिवळं पेटतं. त्या पिवळ्याआड घडत असलेला आकार साध्या डोळ्यांना दिसतच नाही. चष्म्याची काच तेवढाच पिवळा गाळून घेते. समोरच्या गर्दीला एक उजेडाचा गोळा दिसतो आणि उस्तादांना त्याच्या आत घोड्याची मान दिसते.

कांडी आधी लांबून शेकायची. थंड काच एकदम ज्योतीत धरली तर तडतडून उडते. मग पुढे आणायची आणि फिरवत राहायची. हे फिरवणं कधीच थांबत नाही. साधी सोड्याची काच सातशे अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागते आणि हजारापाशी मधासारखी ओघळते. फिरवणं थांबलं की ती खाली लोंबते, म्हणजे घोडा घडवतच नाही आपण, पडणारी काच पडू न देता वळवत राहतो. हे उस्तादांचं म्हणणं. दोन्ही हातांतल्या दोन कांड्या एकाच वेगाने फिरल्या पाहिजेत. वेगात फरक पडला तर मधली काच पिळवटते. ही एक गोष्ट हातात बसायला त्यांना दोन वर्षं लागली.

गोळा झाला. चिमट्याने एक चिमूट ओढली, मान. दुसरी ओढली आणि दुमडली, तोंड. कांडीच्या टोकाने दोन ठिपके ठेवले, कान. मग आयाळ, एकेक थेंब लावून आणि तो निवायच्या आत ओढून. पाय चार वेळा चार ठिकाणी, आणि दर पायाला आधीचे पाय पुन्हा ज्योतीतून फिरवून आणायचे, कारण एक भाग निवला आणि दुसरा तापलेला राहिला तर मधोमध चीर जाते. सहा-सात मिनिटं. गर्दीत कोणी बोलत नाही. लहान पोरं पुढे सरकलेली असतात. शेपूट ओढून उस्ताद हाताला झटका देतात, काचेचा धागा हवेत हात-दीड हात लांब जातो, वळतो, आणि गर्दीतून ‘अरे’ उमटतो.

पण काम इथे संपत नाही, आणि गर्दीला हे दिसत नाही. झालेला घोडा लगेच पाटावर ठेवला तर तासाभरात किंवा महिन्याभरात, कुणी हात न लावता, आपोआप तडकेल. वरची काच आधी आखडते, आतली मागून, आणि ही ओढाताण काचेत कोंडून राहते. ती सोडवायची तर वस्तू साडेपाचशे अंशांच्या जवळपास काही वेळ धरून ठेवायची आणि मग सावकाश, फार सावकाश निववायची. घरी त्यासाठी विजेची छोटी भट्टी आहे. मेळ्यात पत्र्याच्या डब्यात गरम राख असते. छोट्या नगांना ती पुरते. समोर घडवलेला घोडा लगेच मागणाऱ्याला उस्ताद म्हणतात, कल ले जाइए. कित्येक जण चिडतात. समोर घडवलेलं लगेच द्यायला काय जातं? पण तो घोडा आज दिला तर घरी जाऊन तडकेल आणि फिरोजाबादचं नाव जाईल. ‘हा टिकेल का’ या प्रश्नाचं उत्तर घडवण्यात नाही, निववण्यात आहे. स्वस्त माल आणि चांगला माल यांतला फरक डोळ्याला कधीच दिसत नाही. तो फक्त त्या न दिसणाऱ्या रात्रभराचा असतो.

एकदा एका मुलाच्या हातून हंस पडला आणि मान गेली. वडील पैसे द्यायला निघाले. उस्तादांनी घेतले नाहीत, हंस घेतला. धडाचा तुकडा राखेत पुरला, दहा मिनिटांनी काढला, ज्योतीपासून हातभर लांब धरून फिरवत फिरवत जवळ आणला आणि मान त्याच रंगाच्या कांडीने पुन्हा जोडली. त्याच घाण्यातल्या काचेची कांडी, हे त्यांनी दोनदा सांगितलं. वेगवेगळ्या भट्ट्यांच्या काचा तापल्यावर वेगवेगळ्या फुगतात आणि निवताना वेगवेगळ्या आखडतात. जोड ज्योतीत बसलेला दिसतो, निवला की सुटतो.

ज्योत चालू असते तेव्हा गाळ्यावर ‘मशीनचं आहे का’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. मी घड्याळ लावून बसले होते. ज्योत विझवून जेवायला बसल्यावर पहिल्या पाव तासात तो परत आला.

*

आता जे लिहायचं आहे ते मला जड जातं, कारण त्यात माझा हात आहे.

सूरजकुंडनंतरच्या एका हिवाळ्यात मी उस्तादांना आमच्या शहरातल्या एका हस्तकला प्रदर्शनात यायला लावलं. आमची माणसं चोखंदळ आहेत, हाताच्या कामाला मान देतात, असं मीच सांगितलं. आयोजकांशी फोनवर बोलणं झालं. ज्योतीचं प्रात्यक्षिक असेल हेही सांगितलं होतं आणि त्यांनी हो म्हटलं होतं. दोघं दीड दिवसाचा रेल्वेप्रवास करून, खोके मांडीवर आणि बाकाखाली घेऊन आले. पहिल्या सकाळी मांडणी चालू असताना एक व्यवस्थापक आले आणि सिलिंडर उचलायला सांगितलं. मांडवात ज्योत चालणार नाही.

मांडव कापडाचा होता. बांबूचा होता. भीती खरी होती आणि मी ती नाकारत नाही. पण त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला भजी, थालीपीठं आणि जिलब्यांच्या रांगेत मोठमोठ्या शेगड्या पेटलेल्या होत्या, सिलिंडरं शेजारी शेजारी उभी होती. तिथे वाळूच्या बादल्या होत्या, आगविझवी नळकांडी होती, जागा उघडी ठेवली होती. खाण्याच्या आगीची सोय विचार करून केली होती. घडवण्याच्या आगीचा विचारच कोणी केला नव्हता. उस्तादांना त्या शेगड्यांच्या रांगेत एक कोपरा दिला असता तरी चाललं असतं. मी विनवलं. उत्तर मिळालं, ती खाद्यपदार्थांची जागा आहे.

चार दिवस तो गाळा विझलेला होता. उस्ताद हात मांडीवर ठेवून बसले. भाभींनी मोबाइलवर घोडा घडतानाची चित्रफीत लावून ठेवली, लोक ती बघायचे आणि हा कुठला व्हिडिओ म्हणून विचारायचे. पडद्यावरच्या माणसाकडे आणि समोर बसलेल्या माणसाकडे आळीपाळीने बघूनही त्यांना दोघे एकच आहेत हे जाणवत नव्हतं. एक बाई माझ्या ओळखीच्या निघाल्या. त्यांनी मोर उचलला, उलटा केला, खाली शिक्का शोधला आणि ठेवून दिला. मी पुढे होऊन सांगायला लागले, पण तोंडाने सांगितलेल्या आगीची धग लागत नाही.

परत जाताना खोके कमी व्हायला हवे होते. ते जवळपास तेवढेच होते. स्टेशनवर उस्ताद मला म्हणाले, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, आप की ग़लती नहीं. मी अजून वाटून घेते. प्रदर्शन भरवणाऱ्या प्रत्येकाला मी तेव्हापासून एवढंच सांगत आले आहे: मांडवाबाहेर पत्र्याची शेड, खाली फरशी किंवा वाळू, दोन बादल्या, एक आगविझवं नळकांडं. लोहार, तांबट, ओतारी, काचकाम करणारा, या सगळ्यांची कला आगीत आहे. त्यांना आग न देता बोलावणं म्हणजे गवयाला बोलावून गाऊ नको म्हणणं. नळकांडं आणि वाळू यांचा खर्च एका गाळ्याच्या भाड्याइतकाही नाही.

*

पुढच्या वर्षी मी फिरोजाबादला गेले. आग्र्यापासून चाळीसेक किलोमीटर. स्टेशनबाहेर पडल्यावर पहिल्यांदा दिसल्या त्या बांगड्यांच्या हातगाड्या. माणसाच्या उंचीएवढे लाल-हिरव्या बांगड्यांचे ढीग दोरीने बांधलेले आणि खड्ड्यांच्या गल्लीतून ती गाडी ढकलत नेणारा एकटा माणूस. एकही बांगडी वाढत नव्हती.

कारखान्यात भट्टीच्या तोंडातून लोखंडी सळईवर वितळलेल्या काचेचा गोळा काढतात आणि तो पेटता गोळा घेऊन माणसं चक्क धावतात, कारण निवला तर फुकट. गोळ्यातून तार निघते आणि फिरत्या बेलनावर गुंडाळली जाते, स्प्रिंगसारखी. एका बेलनावर शेकडो वेढे. मग कारागीर हिऱ्याच्या टोकाने त्या वेढ्यांवर एक सरळ रेघ मारतो आणि वेढे सुटे होतात. काचेला ओरखडा पडला की ती तिथून मोडते, हे तिचं दुबळेपण इथे कामाला लावलेलं आहे. हातात येते ती बांगडी नसते, तोंड उघडं असलेलं कडं असतं. ते पुढे गल्ल्यांत जातं.

गल्ल्यांतल्या घरांत बायका बसलेल्या असतात. सधाई म्हणजे ज्योतीवर शेकून दोन्ही टोकं एका पातळीत आणणं. जुडाई म्हणजे ती टोकं ज्योतीत जोडणं. एका वेळी एक बांगडी. अंधाऱ्या खोलीत, कारण उजेड असला तर ज्योतीचा रंग कळत नाही. पंखा नाही, कारण वाऱ्याने ज्योत हलते. मजुरी तोड्यावर, म्हणजे बांगड्यांच्या ठरलेल्या गठ्ठ्यावर मिळते. पूर्वी याच ज्योतींपुढे लहान मुलं बसवलेली असत आणि त्यावर देशभर लिहिलं गेलं. भाभींनी लग्नाआधी नऊ वर्षं जुडाई केली आहे. अजून त्या बोलताना मध्येच डोळे मिटून घेतात. मी त्यांना विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, ती पिवळी ज्योत डोळ्यांत राहते. उस्तादांच्या चष्म्यासारखा चष्मा जुडाई करणाऱ्या एकाही बाईच्या डोळ्यांवर मला दिसला नाही.

आपल्या मनगटावरच्या अशा प्रत्येक काचेच्या बांगडीला एक जोड असतो. अंगठ्याच्या नखाने चाचपलं तर लागतो. काचेवर ठसा उमटत नाही असं मी वर लिहिलं, त्याला एवढाच अपवाद आहे.

फिरोजाबादच्या भट्ट्या एके काळी कोळशावर चालत. ताजमहालाचा संगमरवर पिवळा पडू लागला, एम. सी. मेहता यांनी 1984 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि 30 डिसेंबर 1996 च्या निकालाने ताजभोवतीच्या सुमारे 10,400 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातल्या उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे जावं लागलं. वायूची ज्योत स्वच्छ आहे, उष्णता एकसारखी राहते. पण कोळशाची भट्टी परवडणाऱ्या लहानांना वायूची जोडणी सहज परवडली नाही. उस्तादांच्या वडिलांची भट्टी त्याच काळात गेली. मग वडिलांनी कांडी आणि छोटा बर्नर हाती घेतला. ताजमहाल वाचला पाहिजे याबद्दल उस्तादांच्या मनात शंका नाही. वडिलांनी शेवटची भट्टी विझवली तो दिवसही ते विसरत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला तिथेच कळली. काचेच्या बांगडीवर वस्तू आणि सेवा कर नाही. ती सौभाग्याची. तीच काच ज्योतीत वळवून घोडा केला की ती कलावस्तू होते आणि तिच्यावर कर लागतो, आधी 12 टक्के आणि सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के. कमी झाला हे चांगलं झालं.

*

परतताना गाडीत मला तळेगाव आठवत राहिलं.

अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा जमवून देशी उद्योग उभा करण्याची कल्पना काढली, टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तिथे काचविद्या शिकवायला आले ते ईश्वरदास वार्ष्णेय, उत्तर प्रदेशातले, जपान आणि अमेरिकेत शिकलेले. पुढे ते उत्तरेकडे परतले आणि बहजोईला त्यांनी काचेचा मोठा कारखाना चालवला. म्हणजे फिरोजाबादच्या मुलखात आणि मावळात काचेचा धागा शंभर वर्षांपूर्वीच जोडला गेला होता. 1916 साली कराडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत, ओगल्यांचा कारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील माझ्या आजोळच्या ओसरीवर टांगलेला होता, आणि त्याची काच पुसायला आम्हा मुलांना राखेची चिमूट मिळायची.

त्याहून कितीतरी जुनं आहे ते जमिनीखाली आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर, नेवाशाला, तेरला उत्खननात काचेचे मणी आणि बांगड्या निघाल्या. मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी आयुष्याचा मोठा काळ या तुकड्यांच्या अभ्यासात घालवला आणि भारतीय काचेचा इतिहास लिहिला. मुंबई विद्यापीठाने तो 1969 साली छापला. तो वाचला की आपल्या दख्खनच्या हाताला काच परकी नव्हती हे कळतं. आपल्याकडे बांगड्या विकणारे कासार आणि वैराळ राहिले, हिरवा चुडा राहिला, वाड्यांतल्या हंड्या आणि झुंबरांचे लोलक राहिले. ती काच ज्योतीत वळवणारी माणसं मात्र आपल्या जत्रांत मला दिसत नाहीत. आपण काचेचे कारखाने उभे केले तेव्हा कंदिलांच्या चिमण्या आणि बाटल्या हव्या होत्या, आणि त्या काळात तेच योग्य होतं. पण कारखाना बंद पडला की त्याच्यासोबत हातही गेले, कारण हातांना वेगळं शिकवलेलंच नव्हतं. फिरोजाबादेत भट्टी गेली तरी उस्तादांच्या वडिलांचा हात उरला, आणि तो त्यांनी मुलाला दिला.

उस्तादांचा मुलगा दिल्लीत मोबाइलच्या दुकानात आहे. मुलगी ज्योतीवर बसते. घरच्या भट्टीत तिने केलेले मणी भाभी गाळ्याच्या पुढच्या ताटलीत ठेवतात, कोणी केले ते न सांगता. ते आधी संपतात.

*

यंदा मी सूरजकुंडला शेवटच्या दिवशी पोचले. संध्याकाळी ढोल थांबले, शेजारच्या गाळ्यातला बांबूकाम करणारा टोपल्या एकात एक बसवून मोकळा झाला. काचेचं आवरणं मात्र मांडण्याहून लांबतं. पुन्हा वर्तमानपत्र, पुन्हा पेंढा. विक्री बरी झाली होती. नऊ खोके रिकामे परत जाणार होते.

फुटलेले तुकडे भाभींनी पंधरा दिवस तीन डब्यांत साठवले होते, पांढरे, निळे आणि बाकी सगळे. ते परत भट्टीत जातात, किलोवर विकले जातात. निळ्याची एक चिप जरी पांढऱ्यात गेली तरी आख्खा घाणा निळसर होतो, इतका कोबाल्टचा रंग दांडगा असतो. म्हणून निळ्याच्या डब्याला झाकण आणि झाकणाला दोरी.

सगळं टेम्पोत चढलं आणि मला वाटलं, झालं. तेव्हा भाभींनी पिशवीतून कणकेचा एक मोठा गोळा काढला. दुपारीच मळून, ओल्या फडक्यात बांधून ठेवला होता. उस्तादांनी मोबाइलचा उजेड जमिनीला समांतर, अगदी आडवा धरला. आडव्या उजेडात मातीतला काचेचा बारीकसा कण चमकतो, वरून धरला तर दिसत नाही. भाभी उकिडव्या बसून गाळ्याच्या एका कोपऱ्यापासून कणीक दाबत, उचलत, दाबत पुढे सरकू लागल्या. या जागी उद्या तंबू सोडणारे मजूर येतात, त्यांची पोरं अनवाणी असतात, असं त्या मान वर न करता म्हणाल्या. मीही खाली बसले. अर्धा गोळा त्यांनी मला तोडून दिला.

टेम्पोवाल्याने दोनदा भोंगा वाजवला. उस्तादांनी उजेड थोडा डावीकडे वळवला. तिथे, खुंटीच्या बुडाशी, अजून एक चमकत होता.